त्या साली आपण तिथं का उतरलो

आबा, फार उशिरा लिहितोय, माफ करा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता मला डोळे मिटून बसावं लागतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं म्हणून लिहायचं राहिलं, असं मी म्हणणार होतो. पण ते काही खरं कारण नाही. मला तरी कुठं धड येतं, चौथीपर्यंतची शाळा, त्यातली निम्मी मेंढरांमागं बुडालेली. खरं म्हणजे आजवर असं काही अडलंच नव्हतं, की जे तुम्हालाच विचारावं. आता अडलंय. घरात सगळे मला विचारतात, मी थोरला म्हणून. मी कुणाला विचारू?

तुमच्या पणतीचं सांगतो. माझ्या मुलाची मुलगी, तुम्ही तिला पाहिलेलं नाही. आपण आता पलूसला असतो. सूतगिरणीच्या गेटवर मी वॉचमन होतो, तेव्हा बांधलेलं घर आहे. पोरगी सांगलीला कॉम्प्युटरचं शिकली आणि तिला एका कंपनीनं नोकरीला बोलावलंय. ही कंपनी ट्रकमध्ये, टँकरमध्ये, ड्रायव्हरच्या समोर एक छोटा कॅमेरा बसवते. तो कॅमेरा सगळा वेळ त्याच्या डोळ्यांकडं बघत असतो. डोळा मिटायला लागला की माणूस पेंगतोय असं ओळखतो आणि मालकाला कळवतो. ऐकायला चांगलंच आहे. मीही पहिल्यांदा म्हणालो, बरंय की, अपघात टळतील. सुनेनं तर देवापुढं साखर ठेवली.

मग शेजारच्या पोराचं आठवलं. तो दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर होता. त्याच्या डाव्या डोळ्याची पापणी जन्मापासून अर्धी मिटलेली. गावात सगळ्यांना माहीत आहे, लहानपणी पोरं त्याला त्यावरून चिडवायची. गाडी मात्र अशी चालवायचा की शेजारी बसलेल्या माणसाच्या कपातला चहा हलायचा नाही. त्याच्या टँकरमध्ये ह्याच कंपनीचा कॅमेरा बसला आणि कॅमेऱ्यानं सांगायला सुरुवात केली, ड्रायव्हर झोपलाय. चहाच्या टपरीवर उभ्या गाडीत बसला तरी झोपलाय. डेअरीच्या साहेबानं त्याला समोर बसवून बघितलं, डोळाही बघितला, आणि म्हणाला, "मला दिसतंय रं, पण मशीन तसं म्हणत न्हाई. वर काय सांगू?" आणि काढला त्याला. आता तो द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजला क्रेट उचलतो.

त्यानं कंपनीला फोन लावले. माझ्यासमोर बसूनही लावला. एक बाई गोड आवाजात सांगते, ह्यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा. जन्मापासून पापणी अर्धी असेल तर काय दाबायचं, ते ती सांगत नाही. मी चिडून फोन हातात घेतला आणि तिला बोललो, "बाई, जरा ऐकून तर घे!" ती तिचं म्हणतच राहिली. पोरगं हसलं. "आवं अण्णा, ती बाई न्हाई, ते पण मशीनच हाय." माझं रक्त इतकं तापलं की सुनेनं गोळी आणून दिली.

नातीनंही तिच्या फोनवर शोधून काढलं. कंपनी सोडून गेलेल्या लोकांनी बरंच काही लिहिलंय. आतल्या एकानं साहेबांना सांगितलं होतं म्हणे, की हा कॅमेरा काही माणसांना चुकीचं ओळखतो. त्यालाच घरी बसवलं. तिनं मला ते सगळं वाचून दाखवलं, आणि वर म्हणते, "अण्णा, सगळ्याच कंपन्यांबद्दल लोक लिहित्यात असं. ह्यात खरं किती, ते मला तरी कुठं ठावं?" तिचा बाप म्हणतो, अण्णांना विचार. आई म्हणते, आलेली नोकरी सोडू नको. आणि पोरगी माझ्याकडं येऊन बसते. "तुमी सांगा. पण रागाच्या भरात नगा सांगू."

रागाच्या भरात नको म्हणजे कसं सांगायचं, आबा? मला आता एवढंच येतं. पेपर वाचला तरी चिडतो, गॅसची टाकी उशिरा आली तरी चिडतो.

म्हणून मी तुमची रीत करायची ठरवली. दिवाळी झाली की आपण मेंढरं घेऊन माणदेशातून खाली कृष्णाकाठाला उतरायचो. एखादा बागायतदार बोलवायचा, माझ्या रानात मेंढरं बसवा, लेंडीखत होईल, तुम्हाला धान्य देतो. तो चहा पुढं करायचा, तुमची पाठ थोपटायचा. तुम्ही त्याच्याकडं बघायचाही नाही. सरळ गोठ्यात जायचा आणि त्याच्या बैलांच्या खांद्यावर हात फिरवायचा, जू बसतं तिथं. जखम असली, गाठ असली, तर परत यायचा आणि म्हणायचा, "न्हाई जमायचं, मालक." आई रस्त्यावर बिऱ्हाड धरून उभी असायची, घोड्यावरची कोंबडी ओरडत असायची, तरी न्हाईच. एकदा मी विचारलं तर म्हणालात, "मालक काय, आपल्याशी गोडच बोलणार. उद्या आपलं मेंढरू त्याच्या पिकात शिरलं, मग कसा वागंल, ते बैलाला इचारावं."

मी घरात कुणाला न सांगता एस.टी.नं साताऱ्याला गेलो, आणि गाडी बदलून बोगद्यापलीकडं, सातारा जिल्ह्यातल्याच खंडाळ्याला उतरलो. तिथून पुढं हायवेला ह्या कंपनीची एक इमारत आहे, गाड्यांवर कॅमेरे लावून बघतात तिथं. नातीला तिथंच बोलावलंय. गेटवर वॉचमन होता, माझ्याच वयाकडं झुकलेला.

"कुणाला भेटायचंय?"

"कुणाला न्हाई. कंपनी बघाय आलोय."

"का? इकत घ्यायची हाय काय?"

मी सांगितलं, नात लागणार आहे इथं. तो मोठ्यानं हसला. "आरं तिच्या! सोयरीक जमवाय आल्यागत आलाय की तुमी! बसा, बसा." त्यानं खुर्ची दिली. केबिनमध्ये पंखा होता, गार पाण्याचा जार होता. मीही जन्मभर गेटवर बसलेला माणूस, काय बघायचं ते मला कळतं. पायातले बूट बघितले, चांगले होते. पगार वेळेवर होतो का विचारलं, होतो म्हणाला. सुट्टी मिळते. साहेब लोक ओरडतात का? तो म्हणाला, "आवं, माझ्याशी कोण बोलतच न्हाई, तर ओरडतील कशाला?" झाडणाऱ्या बाया जेवायला बसल्या होत्या, झाडाखाली, हसत होत्या. मी त्यांनाही विचारलं. बरं हाय म्हणाल्या. मी खूश झालो, आबा. तिथूनच घरी फोन करून सांगणार होतो की कंपनी चांगली आहे, बैलांचे खांदे साफ आहेत.

परत येताना घाट चढत होतो. मी ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर. रस्त्याचं काम चाललेलं, सगळीकडं धूळ, आणि ड्रायव्हर सारखे डोळे चोळत होता, एक डोळा बारीक करून गाडी हाकत होता. मला वाटलं, आता त्याच्यापुढं तो कॅमेरा असता तर? आणि मग माझ्या मूर्खपणाचा मला इतका राग आला की शेजारची बाई विचारायला लागली, बाबा, बरं वाटत नाही का? मी भलत्याच गोठ्यात हात घातला होता. गेटवरच्या माणसाच्या खांद्यावर ह्या कंपनीचं जू नाहीच. ते लांब कुठंतरी, पलूसच्या टँकरवर, अजून कुठल्या कुठल्या ट्रकवर. एवढे खांदे मी कुठं शोधत फिरू? तुमच्या वेळी मालक, गोठा आणि बैल एका हाकेत असायचे. आता मालक कुठं असतो तेच वॉचमनला माहीत नाही.

घरी येऊन नातीला सांगितलं. पंखा आणि बूट ऐकून ती आधी पोट धरून हसली, मग माझा हात हातात घेऊन बसली. तेवढ्यात शेजारचं पोरगं आलं, कामावरून, दमलेलं. मला वाटलं, हा तरी म्हणेल, जाऊ नको त्या हलकटांकडं. मी मुद्दामच त्याच्यासमोर विषय काढला. तर तो म्हणतो, "जा की तायडे! म्या भाईरनं फोन करून मेलो. आत आपलं कोण असलं, तर निदान इचारंल तरी, ह्या डोळ्याला काय झालंय म्हणून."

"दादा, मला कोण इचारतंय तिथं? मी नवीन."

"मग जुनी हो की!"

ती हसली नाही. म्हणाली, "जुनी हुईस्तवर मीच त्यांच्यागत झाले तर? ज्यानं सांगितलं त्याला घालवलाच की."

  माझी चिडचिड तेवढी झाली. ज्याची भाकरी गेली तोच जा म्हणतोय, मग मी नको म्हणणारा कोण? आणि जा म्हणालो, आणि उद्या तिच्याच हातून कुणाचा डोळा झोपलेला ठरला, तर?

मग मला एक साल आठवलं. एका बागायतदाराला तुम्ही आदल्या वर्षी न्हाई म्हणाला होतात. पुढच्या वर्षी त्यानं पुन्हा बोलावलं. तुम्ही गोठ्यात गेलात, मीही मागं होतो. दोन्ही बैलांचे खांदे लाल, माशा बसलेल्या. तुम्ही बराच वेळ हात तसाच ठेवून उभे राहिलात. बाहेर येऊन म्हणालात, "उतरा." मी विचारलं, "आबा, खांदं तर सोललेत की!" तर माझ्यावर केवढ्यानं ओरडलात, "गप बस! शाना झालास व्हय रं लय?" तो दिवस मी अजून विसरलेलो नाही. पण त्या मुक्कामात रोज दिवस मावळायच्या आत तुम्ही हळद आणि तेल घेऊन त्या बैलांचे खांदे मळत होतात. लोक बेंदराच्या सणाला वर्षातून एकदा मळतात, तुम्ही रोज. मालक ओट्यावरून हसायचा, "आरं, बैल माझं का तुझं?" तुम्ही खाली मान घालून मळत राहायचा. आपण निघालो तेव्हा जखमांनी खपली धरली होती. पुढं पुन्हा जू चढलंच असेल. ते बघायला आपण कुठं होतो?

काल नातीला हे सगळं सांगितलं. ती ऐकत होती, आणि मग तिनं नेमकं तेच विचारलं, जे मी तुम्हाला तेव्हा विचारायला हवं होतं. "मग ते तिथं कशासाठी उतरले अण्णा? बैलांसाठी?"

मी म्हणालो, "व्हय. बैलांसाठीच." ती उठून आत गेली. पण तिचा चेहरा मोकळा झालेला मला दिसला.

आबा, मला ते माहीत नाही. त्या साली सगळीकडच्या विहिरी आटल्या होत्या आणि त्याच्या विहिरीला पाणी होतं, एवढं मला चांगलं आठवतं. मेंढरं तहानेनं माना टाकत होती, तेही आठवतं. तुम्ही पाण्यासाठी उतरला असाल, आणि खांदे मळलेत ते नंतर जिवाला लागलं म्हणून. तसं असेल तर मी पोरीला चुकीचं सांगून बसलोय. सोमवारी ती त्यांना उत्तर कळवणार आहे. हा कागद मी कुठं टाकणार, कुठल्या पत्त्यावर टाकणार, तो माझ्या उशाखालीच राहील. तरी तुम्ही तेवढं सांगा. ओरडून सांगितलंत तरी चालेल. पाणी का बैल, एवढंच कळवा, आणि सोमवारच्या आत कळवा.