सत्तावन्न नंबरचं झाड

२ मार्च
नोकरी लागली! पुण्यात आठ वर्षं दातांचा दवाखाना चालवला आणि आता परदेशात, आल्मेरे शहराबाहेरच्या मेपलच्या राईत झाडांच्या जखमा तपासणार. इथली डेंटिस्टची नोंदणी होईपर्यंत घरात माशा मारण्यापेक्षा बरं. नवऱ्याला, ईशानला, हसू आवरेना. मालकीण मारैके साठीची, तोंडावर हात धरून बोलते. या दिवसांत झाडांत रस चढतो, तो नळ्यांनी उतरवून, आटवून पाक करायचा. गोड सालीला प्राणी दात लावतात. कोणी लावले ते मी ओळखायचं. हरणाला वर पुढचे दात नसतात, ते साल ओढून फाडतं. सशाचा काप सुरीसारखा तिरका. खारीच्या दोन बारीक चऱ्या. शेवटी जबडेच ते, मला काय नवीन?

६ मार्च
पहिल्या रसाची बाटली घरी आणली. सत्तावन्न नंबर सोडून कुठल्याही झाडाचा घे, असं मारैकेने बजावलं होतं. नेमका त्याचाच रस सगळ्यात जोरात वाहत होता. बाई चांगलं ते स्वतःसाठी राखतेय, दुसरं काय! मी त्याचाच घेतला. आपल्याकडे नवं काही आलं की आधी देवाला. नैवेद्य दाखवला, मग मी आणि हिमानीने तीर्थासारखा घेतला. ईशान युट्रेख्टहून येईपर्यंत आमच्या सात वर्षांच्या कन्येने बाटली संपवली होती.

११ मार्च
बुधवारची अर्धी शाळा, म्हणून हिमानीला राईत नेलं. दुपारभर हुंदडली. हाक मारली तरी येईना.

१२ मार्च
सत्तावन्नवर नवी जखम, माझ्या कमरेच्या वर. वरचे-खालचे दोन्ही दात उमटलेत. मारैके म्हणाली, ससा. सशाची खूण तिनेच शिकवली मला! ही का खोटं बोलतेय? ती वळल्यावर जखमेवर मेण दाबून ठसा घेतला. माणसाचे दात आहेत. तोंडावर सारखा हात कशाला, ते आता कळलं. चोराच्या मनात चांदणं.

१३ मार्च
तिला सरळ विचारलं. तिने हात बाजूला केला आणि दोन्ही कवळ्या काढून टेबलावर ठेवल्या. आत एकही दात नाही. नऊ वर्षांपूर्वी सगळे धडधाकट दात उपटून घेतले म्हणे. त्या झाडाचा रस एकदा चाखला की तोंडाला दुसरं काही चालत नाही. तिच्या नवऱ्याने स्वतःचे दात काढू दिले नाहीत. एके सकाळी त्याचं तोंड सालीवरून सुटेना. झाड आपल्या जखमा भरून काढतं. बुंध्यावरची ती मोठी गाठ म्हणजे तो आहे, म्हणाली.
मग तिने एकच विचारलं, की रस कोणी प्यायला. मी म्हटलं, कोणी नाही.

१३ मार्च, संध्याकाळ
ठसा पुन्हा पाहिला. फार लहान आहे. पुढच्या दातांच्या कडा करवतीसारख्या, म्हणजे नुकतेच आलेले पक्के दात. सहा-सात वर्षांचं तोंड —
हे दात मी रोज घासते.

१४ मार्च
हिमानी घरात नव्हती, तिची सायकलही नव्हती. पोरगी सापडली सत्तावन्नपाशी, ओठ सालीला लावून. ओढली तर ओठाची कातडी तिथेच —
ईशान म्हणतो, काहीतरी इन्फेक्शन आहे, हाउसआर्ट्सची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, वेळ सोमवारची. सोमवार! तू तिला काय पाजलंस, असं तिच्यादेखत विचारलं. दहा वर्षांत पहिल्यांदा असं बघितलं माझ्याकडे.

१५ मार्च
ईशान आम्हाला एकटं सोडत नाही. माझाच संशय —
पलंगाचं लाकूड कुरतडलंय तिने. मारैकेने सांगितलं ती थाप असेल तर? आणि खरं असेल तर?

१५ मार्च, दुपार
ईशान औषध आणायला गेलाय. कडी लावलीय. दात काढायचा चिमटा उकळून घेतला. दुधाच्या दातांजागी नवे येतील, पण पुढचे पक्के —
माझ्याही तोंडाला सकाळपासून गोड पाणी सुटतंय. खिडकीची चौकट —
ती ओठ घट्ट मिटून बसलीय. घाबरलंय माझं पिल्लू. म्हटलं, आधी आई, मग तू. बघ, काही होत नाही.
माझा वरचा, समोरचा. धरला. तिच्याकडे बघून हस —