दुसऱ्यांची मासळी

आये,

तुला सांगायला उशीरच झालाय, पण सांगते. मी पुन्हा शिकायला लागलेय. केस पिकायला लागल्यावर हिने दप्तर घेतलं म्हणून तुझा मुलगा येता-जाता माझी चेष्टा करतो. शिकते काय, तर मलाय आणि इंडोनेशियन भाषा आणि त्या लोकांची संस्कृती, त्यात एम.ए. करतेय. आपल्या मुरबे गावात एम.ए. झालेल्या मुली आता पुष्कळ आहेत, पण त्या मराठीत नाहीतर इतिहासात, आणि पुढे कुठेतरी शाळेत लागायचं म्हणून. माझ्या एम.ए.चं नाव ऐकलं की बायका मान हलवतात आणि घरी सगळे बरे आहेत ना, असं विचारतात. विद्यापीठ परदेशातलं आहे, तास घरी बसून कॉम्प्युटरवर होतात. आणि या सगळ्यापायी मी बोईसरची नोकरी सोडली. हे ऐकून तू कमरेवर हात ठेवून उभी राहिली असतीस, मला दिसतंय.

कारण ती खुर्ची माझ्यापेक्षा तुझीच जास्त होती. एमआयडीसीतल्या त्या रंगाच्या कारखान्यात मी लागले, त्यानंतर थोड्याच दिवसांनी तू बाजार उरकून रिकामी पाटी घेऊन थेट गेटवर आलीस. वॉचमनने मासळी नको म्हणून हाकललं, तर त्याला म्हणालीस, "मासली इकाला नाय आली. माजी पोर आत हाय, तिची खुर्ची बगाची हाय." साहेब भला माणूस, आत सोडलं त्याने. तू माझ्या टेबलाशी आलीस, खुर्चीची गादी तळव्याने दाबून बघितलीस, मग वर बघितलंस. "पंखा डोक्यावरच हाय गो," एवढंच म्हणालीस आणि गेलीस. त्या दिवशी तुझ्या लुगड्याचा वास दुपारभर टेबलाभोवती होता आणि शेजारच्या बाईने खिडकी उघडली. मला त्या बाईचा भयंकर राग आला. तू मात्र गावभर सांगत सुटलीस की पोरीच्या डोक्यावर पंखा आहे. त्यानंतर तू फार दिवस जगली नाहीस.

मला मासळीला हात लावायची बंदी होती. बाकीच्या मुली शाळेतून आल्या की बोंबील टांगायला बसायच्या, एकाच्या जबड्यात दुसरा अडकवून जोडी वलांडीच्या बांबूवर टाकायच्या. मी पायरीवर पुस्तक घेऊन बसायची आणि डोळा तिकडेच. एकदा तू नाहीस असं बघून मी मांदेल्यांच्या टोपात हात घातला, तर मागून येऊन तू मनगटावर अशी चापटी मारलीस की बांगडी फुटली. "वास गेला नाय हाताचा तर कोन खुर्चीत बसवील तुला?" मग पालघरच्या कॉलेजात जायला लागले तेव्हा तू बोईसरच्या बाजारातून माझ्यापुरता चंदनाचा साबण आणलास. घरात बाकी सगळ्यांना एकच लाल साबण, आणि माझा वेगळा, फळीवर उंच ठेवलेला. भावाने एकदा तो चोरून वापरला तर त्याला तू अंगणात धू धू धुतलंस. आता तो सांगतो तेव्हा आम्ही दोघंही हसून लोटपोट होतो.

बंदी फक्त एकदाच उठायची, आभाळ आलं की. चैत्र-वैशाखात मधूनच काळं यायचं आणि मासळी सुकवायच्या खळ्यावर आरोळी पडायची. मग कुणी विचारायचं नाही की कुणाचा जवळा, कुणाचे बोंबील. ज्याच्या हाताला जे लागेल ते ओढायचं, खराट्याने, सुपाने, पदराने. ज्या घरातलं माणूस बाजाराला गेलेलं असेल त्याची मासळी आधी. मी पण पुस्तक टाकून धावायची आणि तू तेव्हा काही बोलायची नाहीस. पाऊस येवो न येवो, मागाहून कुणी आभार मानायचे नाहीत. शेजारची नवी सून एकदा म्हणाली की तुमी आमची मासली उचलली, बरं झालं, तर तू चक्क चिडलीस. "तुमची काय नि आमची काय, ती भिजाची नव्हती ना?" मला तेव्हा वाटायचं की जगात सगळीकडे असंच असतं.

भाषेचं वेड मात्र तुझ्यामुळेच लागलं असेल, असं आता वाटतं. बोईसरच्या बाजारात तुझ्यासमोर कारखान्यातले भैये, कॉलनीतल्या घाटावरच्या बायका, अणुशक्तीवाल्यांच्या घरच्या बंगाली बायका. तू कुणाला सोडायची नाहीस. "भैया, ताजा हाय, नाक लावके बगो," म्हणायचीस. पाला मासा आला की बंगाली बाईला तिच्याच भाषेत लांबून हाक, "इलिश, टाटका इलिश!" ती खूश होऊन यायची आणि मग तिच्याशी तू आपल्या बोलीत भांडायचीस, ती तिच्या. मी बाजूला उभी राहून लाजेने लाल व्हायची. पुढे कारखान्यात माझ्याकडे परदेशी पाठवायच्या मालाचे कागद आले. आपला रंग जावा बेटावर जायचा, तिथल्या कापडावर चढायचा. तिकडच्या कचेरीतली एक बाई फोनवर बोलायची. तिला हसवण्यासाठी म्हणून मी दोन शब्द शिकले, मग चार. भाषेला ते बहासा म्हणतात, डोक्याला कपाला. काचेला काचाच. मला वाटलं, हे तर घरातलंच भांडं कुणी उचलून नेलंय. असं करता करता खुर्चीवर बसून कागद भरण्यात माझा जीव रमेना. पंखा डोक्यावर होता, आये, पण मी फार वर्षं त्याच्याखाली बसले होते.

नोकरी सोडली तेव्हा कुणी नावं ठेवली नसतील तर शपथ. त्यातून कहर असा, की प्रबंधासाठी मी विषय घेतला जावाच्या उत्तर किनाऱ्यावर मासळी सुकवणाऱ्या बायका. त्या कामाच्या जागी एकमेकींशी कसं बोलतात, त्याच्यावर लिहायचं. भाऊ बोटीची जाळी शिवत बसला होता, त्याने सुई खाली ठेवली. "तिकडं जाऊन सुकी मासलीच बगाची? मग आयेने तुला पायरीवर कशाला बसवलीती?" विमानात बसेपर्यंत आणि बसल्यावरही तेच डोक्यात होतं. तू सगळा जन्म मला त्या वासातून बाहेर काढण्यात घालवलास आणि मी एवढी मोठी पदवी घ्यायची म्हणून समुद्र ओलांडून पुन्हा तिथेच जाऊन बसणार. रिकाम्या हाताने परत आले असते तर नोकरीही गेली, पदवीही गेली, आणि तुझे कष्टही मीच पाण्यात घातले असं झालं असतं. याची मला फार भीती वाटत होती.

आणि आधी झालंही तसंच. ते गाव बघून मला हसू फुटलं, इतकं आपल्यासारखं. माडाची झाडं, गल्लीत मांजरं, बोटींवर भडक रंग. मासळी मात्र ते वलांडीवर टांगत नाहीत. चिरून, मीठ लावून बांबूच्या चटयांवर पसरतात. बायका फार अदबीच्या. मला खुर्ची दिली, पुन्हा खुर्चीच बघ, गोड चहा दिला, विचारलं त्याला हसून हो म्हणाल्या. मी माझी पुस्तकी भाषा बोलायची, त्या त्याहून पुस्तकी उत्तर द्यायच्या. आपसात बोलायला लागल्या की मी जवळ जाताच गप्प. त्या देशात कोणत्याही मोठ्या बाईला आईच म्हणतात, इबू. माझ्या तोंडून ती हाक पहिले काही दिवस निघेचना. माझ्या सरांना मी कळवलं की कामाचं एक वाक्य मिळालेलं नाही आणि मुक्काम अर्धा संपलाय. त्यांनी लिहिलं, विषय बदलायचा का ते बघू.

मग त्या दिवशी गावात एका घरी लग्न होतं. बायका सगळ्या तिकडे स्वयंपाकाला गेल्या होत्या. मी किनाऱ्यावर एकटी, माझ्या त्या खुर्चीत. पसरलेली मासळी उन्हात होती आणि समुद्रावरून काळं आलं. आये, मी विचार केलाच नाही. मी उठले आणि ओढायला लागले. कुणाची चटई, कुणाची मासळी, काही बघितलं नाही, टोपलं सापडलं त्यात, घमेलं सापडलं त्यात, शेवटी ओढणीत. घामाने न्हाले. सगळ्या गावाची मासळी छपराखाली एका ढिगात आणून टाकली. मनात म्हटलं, बघा, मुरब्याची बाई काय असते ते. आणि ढग निघून गेला. थेंब नाही पडला.

बायका परत आल्या त्या ढिगाकडे बघतच राहिल्या. त्यांच्याकडे आभाळ आलं तर मासळी उचलत नाहीत, नुसती वर ताडपत्री ओढतात. ताडपत्र्या प्रत्येक चटईच्या उशाशी गुंडाळून ठेवलेल्या, माझ्या नाकासमोर होत्या, मला दिसल्या नाहीत. आणि दुसरीच्या मासळीला तिथे कुणी हात लावत नाही. कुणाचं मीठ कमी, कुणाचं जास्त, कुणाची एक उन्हाची, कुणाची तीन उन्हांची, सगळं मी कालवून ठेवलं होतं. सगळ्यांत म्हातारी होती तिने तोंड सोडलं. अशी बोलली, अशी बोलली, की माझ्या एकाही पुस्तकात त्यातला शब्द नव्हता. मला ती आपल्याच बोलीत ऐकू येत होती, म्हणून तशीच लिहिते. "अगो ए खुर्चीवाले, तुला कोनी सांगितला हात लावाला? शिकून आलीस न्हवं? मग डोला कुठं ठेवला? बस आता हितं खाली! निवडून दे एकेक!"

मी खाली बसले. त्या पण बसल्या. दुपारभर आम्ही मासळी निवडली आणि कुणाची कोणती यावरून त्यांची अशी जुंपली की विचारू नकोस. ही माझी, छे गो तुझी कुठली एवढी जाड, असं ओढाओढी करून शेवटी कुणालाच नक्की कळेना. मग म्हातारीने अंदाजाने ढीग घातले आणि प्रत्येकीला आपला ढीग लहान वाटला. माझ्यासमोर आता कुणी गप्प बसत नव्हतं, कारण मला घाबरायचं किंवा मान द्यायचं काही कारणच उरलं नव्हतं. माझा प्रबंध तिथे त्या ढिगाभोवती सुरू झाला. त्या भांडणावर माझं मधलं अख्खं प्रकरण आहे आणि सरांना तेच सगळ्यात आवडलं.

निवडता निवडता म्हातारीने माझ्या हातांकडे बघितलं. "हात तर कामाचा दिसतोय. मग डोकं असं कसं?" मी सांगितलं की आमच्या गावात आभाळ आलं की सगळ्यांचीच उचलतात. सगळ्या हसल्या, तीही हसली. विचारलं, आईने शिकवलं का? मी म्हटलं, आई मला हात लावू देत नव्हती. तर म्हातारीने जोरात मान हलवली. "मी पन माज्या पोरीला नाय लावू देत. शहरात दुकानात हाय ती, काचेच्या. तुज्या आयेचा बरोबर होता. आता ते टोपलं हिकडं वढ." मी टोपलं ओढलं. इतकी वर्षं मी तुझी चापटी मनात ठेवली होती, ती तेव्हा कुठे सुटली. आणि तू रागावली असतीस का, हा प्रश्नही तिथेच सुटला. रागावली असतीस, खूप. आणि मग टोपलं ओढायला लावलं असतंस.

शेवटचं प्रकरण अजून राहिलंय. ते या पावसाळ्याआधी द्यायचं आहे, बोटी किनाऱ्याला लागायच्या आत होईल असं वाटतं. पण आज लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. त्या दुपारी म्हातारीने पुढे विचारलं, आई काय करते? माझ्या तोंडून निघून गेलं, "बाजारात मासळी विकते." ती म्हणाली, अजून? मी म्हटलं, "अजून. ऐकतेय कुठे कुणाचं." मला ते दुरुस्त करता आलं असतं. नाही केलं. निघताना तिने तुझ्यासाठी सुकी मासळी बांधून दिली, खारट आहे म्हणावं, भिजवून घे. ती आम्ही खाल्ली, भावाला आवडली. आता तिचा अधूनमधून फोन येतो, नातवाच्या मोबाईलवरून, आणि पहिला प्रश्न तुझ्याबद्दल असतो. मी सांगते, बरी आहे, गुडघा धरलाय, आज बोईसरला गेलीये. असं सांगितलं की मला दिवसभर बरं वाटतं, आये. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगायची सोय नाही.

काल म्हणाली, तुझी आई कधी घरी भेटतच नाही, ती बाजारातून आली की तू फोन लाव, मला तिच्याशी बोलायचंय.

मी हो म्हटलंय.