अप्पारावांचे पान

४ जानेवारी २००१, नवीन जालना
संपतने अट घातली म्हणून हे लिहीत आहे. त्याची आई दुर्गाबाई सहा महिन्यांत अकरा किलो उतरली. डॉक्टरांना काही सापडत नाही. मला वरची खोली बिनभाड्याची, बदल्यात त्यांच्या खाण्याची रोज नोंद. तीस वर्षे शाळा चालवली, नोंदींचा कंटाळा नाही. घर हवेशीर आहे. शिवाय एक ठेवा मिळाला: त्यांचे यजमान अप्पाराव यांनी पंधरा वर्षांपूर्वी कॅसेटवर उतरवलेल्या भुताच्या आणि अंतराळाच्या मालिका. तेव्हा वसतिगृहातल्या मुलींबरोबर मीही श्वास रोखून बघत असे. आज दुपारी चारला एक लावली. यानाचा पुठ्ठा बघून दोघी पोट धरून हसलो.

७ जानेवारी
टीव्हीपुढे रोज ताट वाढलेले असते. ते अप्पारावांचे पान. गेल्या जुलैत अंतराळाच्या मालिकेचा शेवटचा भाग पुन्हा बघताना, हातात घास असतानाच ते गेले. दुर्गाबाई म्हणाल्या, दहाव्याला कावळा शिवलाच न्हाई, मंग घरीच वाढते. त्याहिच्या आधी मी कशी खाऊ? मी म्हणाले, कावळ्याला व्हीसीआर लावता येत नसेल. त्या हसल्या नाहीत.

९ जानेवारी
टीव्हीजवळ बसले की येणाऱ्या कुजकट वासाचा छडा लागला. टीव्हीच्या कपाटामागे सहा महिन्यांचे अन्न. भाकरीवर हिरवी लव, भातात अळ्या, वरणाचा चिकट थर. दुर्गाबाई अप्पारावांचे ताट आणि स्वतःचेही तिथेच लोटत होत्या. दोन घमेली उपसली, फिनेल ओतले. मग कावळा शिवत नाही तेव्हा नदीकाठी देतात तसाच शब्द टीव्हीला दिला: बाईंची काळजी सोडा, तुमच्या पानाचे आजपासून मी बघते, जेवा. हट्टी पोरांशी असेच बोलावे लागते. दुर्गाबाईंनी लगेच दीड भाकरी खाल्ली.

१० जानेवारी
शेवटचा भाग लावला. यानात जेवणारे चौघे, पाचवी खुर्ची रिकामी, हे मला पक्के आठवते. आज तिच्यावर कोणीतरी पाठमोरे बसले होते. धोतर नेसलेले. पुढे आमचीच भाकरी, आमचेच भरीत. मचमच ऐकू येत होती. दुर्गाबाई शांतपणे म्हणाल्या, जेवून राह्यले.
टीव्हीपुढचे ताट चाटूनपुसून लख्ख.

१५ जानेवारी
दुर्गाबाई: तीन भाकऱ्या, दूध, केळे. अंग धरू लागल्या.
मी पोटभर जेवते, भूक जात नाही. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकावरही सैल. पडद्यावरचा तो पाठमोराच, आपला हात मनगटापर्यंत चाटतो. गालाआडून दिसणाऱ्या मिशीत शिते.

२० जानेवारी
कॅसेट लावली नाही. पान वाढले नाही.
चारला बंद टीव्हीतून बोटे चाटल्याचा आवाज — माझा दंड ओला — लाळ. तीनदा साबण लावला. वास तसाच —

२३ जानेवारी
वजन चौपन्नाचे एकेचाळीस. निघून जावे. पण मी गेले तर तो पुन्हा दुर्गाबाईंना — शब्द मी दिला आहे —

२५ जानेवारी
संपत आईला पुण्याला न्यायला आला. म्हणाला, बाई, आईला तुम्ही वाचवलं, पण तुमचं तर चिपाड झालं. त्याच्या ताब्यात दिले: दुर्गाबाई, ठणठणीत. औषधांची पिशवी. घराची एक किल्ली. कॅसेट त्याने मागितल्या, दिल्या नाहीत.

चार वाजले. तो पहिल्यांदा वळला आहे. ताट रिकामे दाखवतो —

इकडे दिले: भाकऱ्या चार. भरीत. पुरले नाही. डावा हात, कोपरापर्यंत. उजवा लिहिण्यापुरता राहू दे म्हणून बजावले, पण तो