रुळाच्या तुकड्याचा सा

बाबा,

गेल्या आठवड्यात मी वर्गात एक हातोडी आणि एक घण घेऊन गेलो. हातोडी घरातली, खिळे ठोकायची. घण तुमचा, रिटायर होताना प्लांटच्या फोर्ज शॉपमधल्या, म्हणजे लोहारखात्यातल्या, सोबत्यांनी हार घालून दिलेला, ज्याच्याकडे पाहून आई म्हणाली होती, "आता याले देवघरात ठेवू का कपाटात?" तत्त्वज्ञानाच्या तासाला घण कशाला, म्हणून दुर्गच्या आमच्या कॉलेजचा शिपाई दारापर्यंत मागे आला. सरांनी एकदाचं त्या मोडक्या फळ्याचं मनावर घेतलं, असं त्याला वाटलं असावं. त्या तासाला जे झालं ते तुम्हाला सांगायचं आहे, पण त्याआधी कॉलनीतल्या आपल्या मराठी मंडळातला माझा तो सत्कार सांगावा लागेल. तो तुम्ही विसरला नव्हता हे मला माहीत आहे. आपण दोघे त्यावर कधी बोललो नाही, एवढंच.

शनिवार म्हटला की मला आधी आपल्या क्वार्टरचं स्वयंपाकघर आठवतं. बैठकीत कूलर घरघरायचा, म्हणून तुम्ही तानपुरा घेऊन ओट्याजवळ चटई टाकायचात. हाताच्या रेघांत काजळी बसलेली, कितीही साबण लावा, निघायची नाही. आणि त्याच हातांनी तुम्ही तारेखालचा सुताचा दोरा केसभर इकडेतिकडे सरकवायचात. तोवर कुकर चढवायला बंदी. "तुमचा सा लागेस्तोवर माही पोरं उपाशी मरून राहिली," आई म्हणायची. तुम्ही डोळे मिटूनच मला विचारायचात, "बाबू, पाय बरं, जुळली का?" मी दहा वर्षांचा असल्यापासून हे विचारलंत, आणि मी नाही म्हटलं की मुकाट्याने पुन्हा खुंटी पिळलीत. संध्याकाळी मंडळाच्या भजनात तुमचा तानपुरा सुरू होईपर्यंत पेटीला कोणी हात लावत नसे. प्लांटमध्ये तुमच्यावर साहेबच साहेब, पण शनिवारी तेच साहेब मांडी घालून तुमच्या ‘सा’ची वाट पाहत बसायचे. मला त्याचा केवढा अभिमान होता!

मग मी तत्त्वज्ञानात एमए झालो आणि मला शिंगं फुटली. जेवताना मी तुम्हाला जगभरचे शहाणे ऐकवायचो. ग्रीसमधल्या एकाने सुरांच्या पोटात आकडे शोधले. पुढे आणखी एकाने आपल्या आदर्श नगरातून रडवे, सैल सूरच हद्दपार केले. चीनमधला एक ज्ञानी एक संगीत ऐकून तीन महिने मांसाची चव विसरला. जर्मनीतला एक म्हणाला, बाकीच्या कला जगाची सावली दाखवतात, संगीत जगाच्या मुळातून बोलतं. आणि आपल्याकडे तर आघाताने उमटणारा आहत नाद वेगळा आणि कोणी न वाजवताही असलेला अनाहत वेगळा. तुम्ही पोळी मोडत सगळं ऐकायचात. एकदा एवढंच विचारलंत, "याच्यातलं कोनी सोता तानपुरा जुळवे का?" मला तो प्रश्न अडाण्याचा वाटला. इतकी वर्षं शिकवल्यावर आता वाटतं, माझ्या विषयात यापेक्षा चांगला प्रश्न मी ऐकलेला नाही.

मला नोकरी लागली तेव्हा मंडळाने शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. दोन शब्द बोला, म्हणाले. समोर सगळी प्लांटची माणसं, म्हणून मी लोहाराची गोष्ट निवडली. सुरांत आकडे शोधणारा तो ग्रीक तत्त्वज्ञ लोहाराच्या भट्टीवरून चालला होता. घणांचे आवाज त्याला सुरात वाटले. त्याने घण तोलून पाहिले, तर दुप्पट वजनाच्या घणातून बरोबर खालचा सा निघत होता. म्हणजे सूर हे आकडे, आणि सारं विश्व त्याच आकड्यांवर चाललेलं. टाळ्या पडणार तेवढ्यात पहिल्या रांगेतून तुम्ही उठलात. "बाबू, एक मिनिट. घन जड झाला तं आवाज मोठा होते, खाली नाही जात. वाजते ते खालचं लोखंड." मागे कोणीतरी हसलं. मी म्हणालो, "बाबा, अडीच हजार वर्षांपासून शिकवून राहिले हे जगात."

तुम्ही चिडला नाहीत. दाराशी आरतीची वर्दी द्यायला रुळाचा एक तुकडा टांगलेला असायचा, तिकडे गेलात. मंडपवाल्याकडून त्याची हातोडी आणि घण मागून घेतलात. एकदा हातोडीने वाजवलंत, आवाज विरेपर्यंत थांबलात, मग घणाने. "सांग. सा बदलला का?"

बाबा, सा तोच होता. घणाचा फक्त मोठा. बहिऱ्यालाही कळावं इतकं स्पष्ट होतं ते. पण माझ्या अंगावर नवी शाल होती, समोर साहेब बसले होते, आणि मघाचं हसणं अजून कानात होतं. मी म्हणालो, "बदलला. घणाचा खाली गेला."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, क्षणभरच. मग घण अलगद जमिनीवर टेकवून लोकांकडे वळलात. "असन. पोराचा कान तयार हाय. माहा तीस वर्षं घनाखाली राहून गेला." आणि पहिली टाळी तुम्हीच वाजवलीत.

कान गेला हे तुम्ही मला सांभाळून घ्यायला म्हणालात. लोकांनी ते खरं धरलं. लोहाराचे कान जातात हे कोणाला पटवावं लागत नाही. पुढच्या शनिवारपासून पेटीवाले काका तुमच्या तारा हळूच तपासू लागले, आणि गणपतीच्या आधी मंडळाने इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा डबा आणला. घरी येऊन तुम्ही हसत सांगितलंत, "बरं झालं. डब्ब्याचे कान जात नाही." आई भडकली. "तुमाले कावून नाही विचारलं त्यायनं?" तुम्ही म्हणालात, "विचारलं असतं तं मी काय सांगतलं असतं?" मी तिथेच पेपर वाचत बसलो होतो. एक वाक्य बोललो असतो तर तुमचा तानपुरा परत मंडळात गेला असता. मी पान उलटलं. त्यानंतर तुम्ही अकरा वर्षं होतात. स्वयंपाकघरात चटई टाकून तारा जुळवायचातही कधीकधी. पण "जुळली का" हे मला पुन्हा विचारलं नाहीत.

तुम्ही गेल्यावर रायपूरच्या ग्रंथालयात एका जाड पुस्तकात मला ती गोष्ट पुन्हा भेटली. खोटी आहे ती. हजार-दीड हजार वर्षं थोरामोठ्यांनी ती एकमेकांची पाहून उतरवली, आणि घण मारून पाहायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. पुढे इटलीतल्या एका वादकाने तारांना वजनं टांगून पाहिली, तेव्हा त्यातले आकडे चुकीचे निघाले. पुस्तकात लिहिलं होतं की या वादकाचा मुलगा मोठा शास्त्रज्ञ झाला. त्याने बापाचं ऐकलं असणार. मी पुस्तक मिटलं.

तर गेल्या आठवड्यात मी मुलांना व्हरांड्यातल्या घंटेपाशी नेलं, ग्रीकाची गोष्ट सांगितली आणि आधी हातोडी, मग घण मारला. उतईहून बसने येणारी एक मुलगी लगेच म्हणाली, "सर, दोनों तो एकेच बज रहे हैं." मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. मग तिने विचारलं, "आपको किसने बताया, सर?"

"किताब में लिखा है," मी म्हणालो.

का म्हणालो, माहीत नाही. समोर कोणी साहेब नव्हते, अंगावर शाल नव्हती. तुमचा घण हातात होता. बाप फोर्जमध्ये होता, त्याने सांगितलं, इतकं सोपं वाक्य होतं, आणि ते पुन्हा माझ्या तोंडून निघालं नाही.

हे पत्र तानपुऱ्याच्या गवसणीत ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार? सोमवारी त्या मुलीला खरं काय ते सांगेन, असं लिहून ते संपवायचं ठरवलं होतं. पण सोमवारचा तास होऊन गेला, आज बुधवार आहे, बाबा.