डोळे बांधून दिलेले मार्क

भंडारा
११ डिसेंबर २०१९

अनुपदादा,
जयभीम.

आम्ही इकडे ठीक आहो. तुम्ही सारे पुण्यात ठीक असाल. वहिनीले जयभीम, पोराले पापा. थंडी खूब पडून राहिली. बाबाचे गुडघे दुखतात, पण सकाळचं फिरणं सोडत नाहीत, माहं आयकत नाहीत. माही ड्युटी सध्या साकोलीच्या गाडीवर आहे. झालं, खुशाली संपली.

आता आयक.

फोन केला असता तर "मीटिंगमध्ये आहे" म्हणून तू कापला असता. मेसेज केला असता तर आंगठा पाठवून मोकळा झाला असता. म्हणून हे रजिस्टर टपालानं पाठवून राहिली. सही करून घ्या लागते त्याले. भेटलंच नाही असं म्हणाची सोय नाही.

तुहा व्हिडिओ पाहिला. "जगातला सर्वात मोठा गायक कोण?" डेपोत आमच्या मंदाबाईच्या मोबाइलवर पाहिला, आम्ही दोघी कंडक्टर बाया डबा खात होतो. तू फ्रेडी मर्क्युरीची बाजू घेऊन बोलून राहिला होता, समोरचा तो टोपीवाला मायकल जॅक्सनची. मंदाबाईले त्यातलं काही समजे ना, पण ते म्हणे, "तुहा भाऊ का बोलते व! टीव्हीवाल्यावानी." दादा, खोटं नाही सांगत, अकरा मिनिटं माही छाती फुगली होती. बाजूच्या टेबलावरच्या ड्रायव्हरलेही मी सांगितलं, हा माहा सख्खा भाऊ आहे म्हणून.

बाराव्या मिनिटाले तू कॅसेटची गोष्ट काढली.

"मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. आमच्याकडे एक निनावी कॅसेट होती. सगळे मित्र म्हणायचे, हा पुरुषाचा आवाज आहे. पण माझ्या कानांनी ओळखलं, की ही बाई आहे आणि कॅसेट संथ चालते आहे." असं म्हणून तू आपल्या कानाले बोटानं टिचकी मारली. खाली लोकं लिहून राहिले, वा सर, काय कान आहे सर.

तुह्या कानानं? लबाडा! माह्या कानानं रे, माह्या! घास माह्या तोंडातच राहिला. मंदाबाई इचारे, का झालं व तृप्ती. मी म्हटलं, मिरची लागली.

तू गोष्ट उलटी सांगितली, म्हणून मी सुलटी लिहून देतो. पुढच्या वेळी सांगाची असली तर ह्या कागदावरून वाचून सांगजो.

दोन हजार दोन साल. जवाहरनगरचं आपलं क्वार्टर, मागचा वरांडा. दर रविवारी तिथं तुमची सभा बसे. तू, ईश्वर अन् त्याच्या लाइनीतले दोन पोट्टे. इंग्रजी धड एकालेही येत नव्हतं, पण जगातला एक नंबर गायक ठरवाचा मक्ता तुम्हीच घेतला होता. भांडणं अशी का एकदा ईश्वर पोह्याची प्लेट अर्धी टाकून उठून गेला अन् पंधरा दिवस बोलला नाही. मग तू नियम काढला. ईश्वर फोटो अन् नाच पाहून मार्क देते, म्हणून डोळ्याले दुपट्टा बांधून आयकाचं. सुराले दहा, दमाले दहा, अन् अंगावर काटा आला तर त्याचे दहा. तीसपैकी. डोळे तुम्हा चौघाचे बांधले राहात, म्हणून कॅसेट बदलवाले, मार्क लिहाले अन् चहा द्याले मी. मले कोणी दुपट्टा देल्ला नाही. माहं मत कोणी मोजलंच नाही.

बाजारातल्या हिरालालभाऊच्या दुकानातून तू कोऱ्या कॅसेटवर इंग्रजी गाणे भरून आणे. त्यातल्या एकीवर त्यानं नुसतं "इंग्लिश मिक्स ३" लिहिलं होतं, गायकाचं नाव ना गाव. तिच्यातलं तिसरं गाणं. सुरुवातीले बाजा नाही, नुसता आवाज, खाली खोल. त्या दिवशी चौघाईनं तीसपैकी तीस देल्ले. ईश्वरनंही! तू उभा राहून म्हटलं, भांडण मिटलं, हाच बाप्या जगात एक नंबर.

मी म्हटलं, "दादा, हा बाप्या नाही, बाई आहे."

तुम्ही असे हसले का वरचे पाटीलकाकू खाली डोकावून पाहे. मी सांगत होती, शब्द लांबून राहिले, श्वास पण लांबून राहिला. टेपचे सेल उतरले का बाई बाप्यावानी गाते का नाही, तसं आहे हे. सेल तर नवे आहेत, म्हणजे कॅसेटच हळू भरली. तू काय म्हटलं आठवते? "जा, चहा ठेव."

मले ते सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी बारावीची ट्यूशन बुडवून मी कॅसेट घेऊन बाजारात गेली. हिरालालभाऊले म्हटलं, ज्या मशीनवर भरली त्याच मशीनवर लावा. त्याची मशीन जोरात पळे, म्हणून भरलेली कॅसेट आपल्या टेपवर हळू वाजे. त्याच मशीनवर लावली तर गाणं सरळ झालं. अन् साफ बाईचा आवाज! हिरालालभाऊ कपाळाले हात लावून म्हणे, "माय वं, किती गिऱ्हाइकाले अशा देल्या मी!"

घरी येऊन तुले दारातच सांगितलं. वाटलं तू खूश होशील. तुहं तोंड उतरलं. "कोणाले सांगू नको. ईश्वर जन्मभर हसेल मले." मी म्हटलं बरं. मी सतरा वर्षांत एका माणसाले सांगितलं नाही, दादा. नवऱ्याले नाही सांगितलं. तू दोन लाख लोकाले सांगितलं, अन् माहं नाव गाळून सांगितलं.

इथवर असतं तरी मी चार शिव्या देऊन गप बसली असती. तू माहा भाऊ आहे. बाबाच्या ऑपरेशनले रातोरात आला होता, ते मी विसरली नाही.

पण आता निघालंच आहे तर पुढचंही आयक.

त्याच्या पुढच्या रविवारी तुम्ही दुपट्टे बांधून बसले. दोन गाणे झाले अन् मी टेप बंद केला. तिसरं गाणं मी गायली. पडद्याच्या मागून, तशीच, खाली खोल. मले जोर करा लागला नाही. माहा गळाच तसा आहे. ईश्वरनं काट्याचे दहा लिहा म्हटलं. तू अठ्ठावीस देल्ले. तूच, दादा. मग मले हसू आलं अन् तू दुपट्टा काढला.

बाकीच्या पोट्ट्याईनं टाळ्या वाजवल्या. तू म्हटलं, "बाईच्या गळ्यात असा भोंग्यावानी आवाज बरा नाही लागत. आयकणाऱ्याले लाज वाटते."

एका मिनिटात! डोळे बांधले होते तवा अठ्ठावीस, उघडले तर लाज.

अन् कॅसेटमधल्या त्या बाईचा आवाज तर आपल्या टेपवर तसाच वाजे ना? ते चालली तुले. परदेशातली होती म्हणून? का ते तुह्या घरात, तुह्या बाजूले उभी राहून गाणार नव्हती म्हणून?

तिसरी गोष्ट मले मागच्या शनिवारी समजली. ईश्वर लाखनीले माह्या गाडीत चढला. केस पिकले त्याचे, पण बोटं अजून सीटच्या दांड्यावर ठेका धरतात. त्यानंही व्हिडिओ पाहिला होता. मी सहज म्हटलं, त्या साली नागपूरच्या गाण्याच्या स्पर्धेले तुमचा ग्रुप गेला तवा तुम्ही मले नेलं नाही, आवाज जाड आहे म्हणून, नाही तर मीही आज कुठं पोचली असती. मी गमतीनं म्हटलं. तो म्हणे,

"काय बोलून राहिली तू? आम्ही कायले नाही म्हणू? आम्ही तर तुही वाट पाहिली. अनुपच म्हणे, तिले स्टेजची भीती वाटते, तिनंच नाही म्हटलं."

दादा, मी गाडीत उभी होती. हातात तिकिटाची मशीन. कारध्याचा थांबा गेला, मले बेल मारायचं सुचलं नाही. मागून एक म्हातारा वरडून राहिला, अवं बाई, माहा थांबा गेला ना! गाडी पुलावर चढली तवा मी शुद्धीवर आली. त्या बिचाऱ्याले पुलाच्या या टोकाले उतरवलं. माहं चुकलं बाबा म्हटलं त्याले.

तुले इकडे मले सांगताना काही वाटलं नाही, का पोरं नाही म्हणतात. अन् पोराईले सांगताना काही वाटलं नाही, का ते नाही म्हणते. दोन्हीकडून मले बुडवलं, अन् दोन्हीकडे तू चांगलाच! स्पर्धेत तू एकटा गायला. आले तुम्ही सातवे.

काहून केलं असं? मी चार दिवस इचार करून राहिली. मले एकच उत्तर सापडते. तू भ्याला. मी बाजूले उभी राहिली असती तर तुह्याकडे कोणी पाहिलं नसतं. हे तुले त्या अठ्ठावीस मार्कालेच समजलं होतं. मले समजलं नाही, कारण मी सतरा वर्षाची होती अन् तू माहा दादा होता. तू म्हटलं आवाज वाईट, म्हणजे वाईट. मी कधी पुन्हा गायली नाही. पोट्टी झाली तर तिले थोपटून थोपटून झोपवलं, गुणगुणलीही नाही. तिनं घाबरू नये म्हणून. एवढी मूर्ख होती मी! या आवाजाचं मी आजवर केलं काय, तर "पुढं सरका, पुढं सरका, कारधा कोण?"

अन् तुहा परवाचा मेसेज. "तृप्ती, २९ तारखेला भंडाऱ्याला जुन्या मित्रांचा मेळावा आहे. स्टेजवर लाइव्ह चर्चा घेणार आहे. ती कॅसेट तुझ्याकडेच असेल, घेऊन ये. प्रेक्षकांना दाखवू." खाली हसणारं तोंड.

कॅसेट माह्याजवळ आहे. देणार नाही. मागू नको, वहिनीकडून निरोप पाठवू नको, बाबाले मधात घालू नको.

मेळाव्याले मी येणार आहे. ईश्वरले सांगून गाण्याच्या यादीत नाव टाकलं आहे, तो ऑक्टोपॅड वाजवणार आहे. तुह्या चर्चेच्या आधीचं माहं गाणं. लोकाईले दुपट्टे वाटा नाहीतर नका वाटू, मी समोर उभी राहून गाईन, उघड्या डोळ्याले दिसेल अशी. माह्या आधी तू माइक घेजो अन् दोन वाक्यं म्हणजो: कॅसेट माह्या बहिणीनं ओळखली. अन् नागपूरले तिनं नाही म्हटलं नव्हतं, मी म्हटलं होतं. तेवढं जमलं नाही तर मी म्हणीन, माइकची मले गरज नाही.

इथं पत्र संपवणार होती. सही करून टाकली होती. ते पान फाडलं.

कारण व्हिडिओतलं एक वाक्य मी अजून लिहिलंच नाही. शेवटी त्या टोपीवाल्यानं इचारलं, सर, हे सगळं तुमच्याकडे कुठून आलं? तू म्हटलं, "कुठूनच नाही. आमच्या घरात गाण्याचं वातावरणच नव्हतं."

दादा, विहारात दर पौर्णिमेले बुद्धाची अन् बाबासाहेबाची गाणी कोण उचले? साऱ्या बाया कोणाच्या मागं म्हणत? आपल्या आईचा आवाज कसा होता, आठवते का? खाली, जाड, भरलेला. गेटजवळून जाणारे लोकं थांबत. माहा गळा मी आभाळातून नाही आणला.

त्या रविवारी तू "लाज वाटते" म्हटलं तवा आई आत भाकरी टाकून राहिली होती. तव्यावरची भाकरी जळाचा वास आला मले. मी आत गेली तर ते तशीच बसली होती, हात पिठाचे. मले म्हणे, "तो बरोबर म्हणते. पोट्टे कॉलेजात जातात, त्याईले समजते."

त्याच्या पुढच्या पौर्णिमेले विहारात ते मागच्या चटईवर बसली. रुखमिणीकाकूले म्हणे, तुम्ही उचला, माहा घसा आता चालत नाही. तू इचारलंही नाही काय झालं. बाबा आजवर म्हणतात, तिचा दमा तवापासूनच सुरू झाला. दमा नव्हता, दादा. दमा तर दहा वर्षानं आला. तिनं मले शपथ घातली होती तुले सांगू नको म्हणून, पोराच्या जिवाले लागेल म्हणे. ते गेली त्याले अडीच वर्षं झाले. आता मी शपथ मोडून राहिली.

पंधरा वर्षं ते मागं बसून तोंडातल्या तोंडात म्हणत राहिली. अन् तू दोन लाख लोकाईले सांगते, घरात गाणंच नव्हतं.

माहा आवाज मी एकोणतीस तारखेले परत घेतो. तिचा तू कुठून आणून देशील?

विमलाबाईची पोरगी,
तृप्ती