हर्षिताच्या खाटेवरची मोकळी जागा

२ जून १९९७
पोचले एकदाची! सांगलीहून रात्रभर गाडीत अंग आंबलं, पण बंगळुरातल्या या मल्लेश्वरमची हवा काय गोड आहे! नर्सिंग होम छोटंसंच. वरच्या मजल्यावर मनाच्या आजारातली तरुण पोरं, त्यांची नर्स मी. आया रत्नाबाई इथल्याच, पिढ्यान्‌पिढ्यांच्या मराठी. स्वल्प कॉफी घ्या अक्का, म्हणाल्या आणि मी तिथेच विरघळले.
डॉक्टर गुरुदत्तांची नवी पद्धत अशी की, दिवस मावळला की टीव्ही, ट्यूबलाइट बंद. पडदे ओढायचे आणि पिवळा जिलेटिन कागद लावलेला एकच दिवा ठेवायचा. उजेड कमी झाला की झोप आपसूक येते म्हणे. आमच्याकडे तिन्हीसांजेला दिवे लावतात, इथे मालवायचे! असो बाई.

४ जून
सतरा वर्षांची हर्षिता. धाकटा भाऊ विराज येलहंक्याच्या तळ्यात बुडाला, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. नीट झोपायला लागली की वडील, भगवंतराव, घरी नेणार. मी ठरवलंय, हिला झोपवायचीच.

८ जून
झोपली! मंद उजेडात विराज कुशीत येतो म्हणते. खाटेच्या अगदी कडेला झोपते. मधे सरक म्हणून रागावले, तर म्हणाली, त्याला जागा नको का? मग मीच पांघरूण सारखं केलं. डॉक्टर म्हणतात, झोपतेय ना, मग काहीही बोलू दे.

१२ जून
आता दिवसाही हलवून उठवावी लागते. जेवत नाही. हात गार. शेजारच्या मोकळ्या जागेवरची चादर रोज ओली, तळ्याचा वास येतो. डॉक्टरांना सांगितलं, तर माझ्यावरच उखडले.

१४ जून
संध्याकाळी ट्यूबलाइट लावलीच मी. हर्षिता किंचाळून उठली. तो गेला, तो एकटा घाबरतो, म्हणत ऊर फुटेस्तोवर रडली. भगवंतरावांनी मला हात जोडले, पोरीला झोपू द्या म्हणाले. काय करू? पिवळा दिवा पुन्हा लावला —

१५ जून, संध्याकाळ
उठतच नाही. श्वास अगदी — मोठ्या इस्पितळाची गाडी बोलावलीय, पण तोवर पोर हातची जाईल.
चादरीखाली दुसरं कोणीतरी आहे. लहान. ओले केस. तिचं बोट घट्ट धरलंय —
अगं आई! हे तर घाबरलेलं लेकरू.

थोड्या वेळानं
बोट सोडवलं. हर्षिताला उचलून खाली, लख्ख उजेडात, रत्नाबाईंजवळ ठेवलं. तिनं डोळे उघडले! पाणी मागितलं!
पण वर तो एकटाच हुंदके देत होता. ऐकवेना. मीच वर जाऊन खाटेच्या कडेला आडवी झाले — थोपटतेय, एका हातानं लिहितेय —
फार गार आहे गं हे. बोटं वळत नाहीत —
जिन्यात रत्नाबाईंची पावलं. दिवा लावा, रत्नाबाई — लावाच — नको, थांबा जरा, आत्ता कुठे त्याचा डोळा लागतोय, आणि माझाही —