समितीवरचा माझा बहिष्कार

४ जून २००१
पत्र आलं! विमा क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं झालंय, तर ग्राहकांच्या हिताचे नवे नियम करायचेत. त्यासाठी तज्ज्ञ सल्लागार समिती. ग्राहक प्रतिनिधी : श्री. उत्तरेश्वर वाघमारे, विश्रांतवाडी. म्हणजे मी. खडकीच्या फॅक्टरीत अख्खी नोकरी अकाउंट्समध्ये गेली, तिथे मला कोणी तज्ज्ञ म्हटलं नव्हतं. दीपमालाला पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाली, "दुपारी दळण आणाल ना?" बायकोला सार्वजनिक जीवन कळत नाही.
संकल्प : रोज सकाळी विमा कायद्याचं वाचन.

७ जून
वाचन उद्यापासून. आज व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली.

१२ जून
शेजारच्या कांताबाई आल्या होत्या. नवरा, बाबुराव, गेल्यावर त्यांनी विम्याचा क्लेम केला, तो कंपनीने नाकारला. का, तर बीपीच्या गोळ्या चालू असल्याचं फॉर्मात नव्हतं. फॉर्म इंग्रजीत. भरला एजंटने, बाबुरावांनी फक्त सही केली. कांताबाई म्हणाल्या, "अहो, यांनी गोळ्यांचं सांगितलं होतं त्याला. मी तिथंच चहा देत होते. तो म्हणाला, एवढं काही लिहायला लागत नाही."
मी म्हटलं, आता मी समितीवर आहे. फॉर्म गिऱ्हाइकाला कळेल त्या भाषेत हवा, आणि वाचून दाखवल्याची सही एजंटने करायला हवी. हा नियम आणतो म्हणजे आणतो. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही, जवळजवळ.

२६ जून
पहिली बैठक, स्टेशनजवळच्या हॉटेलात. एसी फार. अध्यक्ष डॉ. रास्ते, सदाशिव पेठेतल्या निवृत्त प्राध्यापिका. बाकी कंपन्यांचे साहेब आणि एक वकील. माझ्या पुढ्यातल्या पाटीवर 'उत्तमेश्वर वाघमारे'. तरीही मन मोठं करून 'विमा आणि मानवी मूल्ये' यावर बोललो. रास्तेबाई मध्येच म्हणाल्या, "वाघमारे, प्रस्तावना आवरली असेल तर आपली सूचना ऐकू या." सगळे हसले. वातावरण हलकं करण्यात माझा वाटा मोठा. सूचना मात्र राहिली. वेळ संपला.

१० जुलै
नियमांचा मसुदा आला. जाडजूड, इंग्रजी. दीक्षाला म्हटलं, तू आयटीवाली, चाळून थोडक्यात सांग. म्हणाली, "बाबा, कमिटीवर तुम्ही आहात." मुलीला शिकवलं ते चुकलं.
वाचन पुढच्या सोमवारपासून, नक्की.

२४ जुलै
आज सूचना मांडली! साहेब लोक म्हणाले, खर्च वाढेल, एजंट पळतील. वकील म्हणाला, ऐकीव गोष्टीवर नियम होत नाहीत. त्यावर रास्तेबाई म्हणाल्या, "मग ऐकीव कशाला? वाघमारे, त्या बाईंनाच पुढच्या बैठकीला आणा. समितीसमोर बोलू देत. पटलं तर कलम घालू. आणि असे नाकारलेले जुने क्लेम पुन्हा तपासावेत, हेही त्यातच येईल."
जिंकलो. कांताबाईंना सांगितलं. बालवाडीतून रजा काढते म्हणाल्या. मी तिथं चुकीचं काही बोलले तर, असं सारखं विचारत होत्या. मी म्हटलं, मी आहे ना शेजारी.

३ ऑगस्ट
बैठकीचं इतिवृत्त आलं. "एका सदस्याने भाषेचा मुद्दा मांडला." एका सदस्याने!! आणि हजेरीत पुन्हा उत्तमेश्वर. डोकं फिरलं. कडक पत्र लिहिलं : लेखी दिलगिरी येईपर्यंत बैठकीवर बहिष्कार. समिती हादरणार.

१३ ऑगस्ट
उत्तर नाही. म्हणजे विचार चालू आहे. फोन येईल. दीक्षाला घरी इंटरनेट लावायला बंदी, लाइन एंगेज राहते. तिने आदळआपट केली. कांताबाईंनी विचारलं, कोणती साडी नेसू. म्हटलं, बघू.

१७ ऑगस्ट
फोन आला! धावताना गुडघा टीपॉयवर आपटला. क्रेडिट कार्ड विकणारी मुलगी होती.

२१ ऑगस्ट, सकाळ
आज बैठक. इस्त्रीचा शर्ट घालून फोनपाशी बसलोय. ऐनवेळी बोलावतील, तेव्हा तयारी असावी. दीपमाला म्हणाली, "रिक्षा आणू का? अजून पोहोचाल." तत्त्वाचा प्रश्न आहे, रिक्षाचा नाही. कांताबाई नेसून दारात उभ्या. दीपमालाला म्हटलं, तू सांग त्यांना. म्हणाली, "बहिष्कार तुमचा आहे." शेवटी मीच सांगितलं, आज जमत नाहीये. "बरं," म्हणाल्या. जिना उतरून थेट बालवाडीत गेल्या, त्याच साडीत.

दुपार
फोन नाही. बहुधा लाइन बिघडली. दीक्षाने उचलून पाहिला. चालू आहे.

५ सप्टेंबर
इतिवृत्त आलं. "सूचना मांडणारे सदस्य व संबंधित महिला उपस्थित नसल्याने मुद्दा वगळण्यात आला. मसुदा एकमताने मंजूर. समितीचे कामकाज समाप्त." खाली गैरहजर सदस्य : श्री. उत्तरेश्वर वाघमारे. नाव बिनचूक. पत्राचा परिणाम झाला म्हणायचा.
दीपमालाने कागद वाचला. घडी घालून परत दिला. बोलली असती तर उत्तर तयार होतं.

६ सप्टेंबर
कांताबाईंना सांगणं भाग होतं. सांगितलं, कलम राहिलं, समितीही संपली. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुमची तब्येत बरी नव्हती का? तरी मला वाटलंच. नाहीतर तुम्ही घरी बसणारे नाही."
मी हो म्हणालो.
संध्याकाळी त्यांनी माझ्यासाठी मुगाची मऊ खिचडी पाठवली. वर साजूक तूप. दीपमालाने ताटात वाढली आणि समोर बसून राहिली. सगळी संपवावी लागली.